फडताळ: काम गेलं, जागा राहिली

आपल्या खानदेशातल्या जुन्या मातीच्या घरात कपाट विकत आणत नसत; ते भिंतीतच असायचं. जाड भिंतीत दिव्याला देवळी, भांड्यांना कोनाडा, आणि दारं लावलेलं फडताळ. घरात वीज आली, देवळीतला दिवा गेला. आपण तिथे रेडिओ ठेवला. आता मोबाइल चार्जिंगला लावतो.

शिडाच्या होडीतही हेच झालं. कागदी नकाशांसाठी बांधलेले रुंद, उथळ खण उपग्रहावरून ठिकाण कळू लागल्यावर मोकळे झाले. त्यांत आता हत्यारं, औषधं जातात. होडीत नवी जागा आणणार कुठून?

वाड्यात तशी निकड नव्हती, आणि तेच आपल्या पथ्यावर पडलं. १८१८ साली पेशवाई गेली, तसं कित्येक कागदांचं रोजचं काम संपलं. तरी ते माळ्यावर, फडताळात, पेटाऱ्यात पडून राहिले. पुढे वि. का. राजवाडे असे कागद धुंडाळत दारोदार फिरले आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. १९२६ मध्ये राजवाडे धुळ्यातच वारले. त्यांचा संग्रह सांभाळायला १९२७ मध्ये तिथेच संशोधन मंडळ उभं राहिलं.

म्हणजे आपल्या इतिहासाचा मोठा भाग वाचला तो बिनकामाच्या जागेत. आज जळगाव-धुळ्यात जुनी घरं उतरवून स्लॅब टाकताहेत. टाकावा, माणसांना राहायचंय. फडताळात नवं सामानही ठेवावं. आमचं म्हणणं एवढंच, की त्याआधी आतले रुमाल सोडून बघावेत.