कोड लिहिणाऱ्याचे नाव होते, गाठोडे बांधणाऱ्याचे काय?

संगणकाचा इतिहास सांगताना यंत्र कोणी बनवले, भाषा कोणी रचली, कंपनी कोणी काढली हे आवर्जून सांगितले जाते. पण एका ठिकाणी लिहिलेला कोड हजारो मैलांवरच्या अनोळखी यंत्रावर न अडखळता चालावा म्हणून तो कोणी बांधला, कोणी पोहोचवला आणि वर्षानुवर्षे कोणी दुरुस्त केला, हे क्वचितच विचारले जाते. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही, समाजशास्त्राचे विद्यार्थी आहोत. कोणत्याही व्यवस्थेकडे पाहताना श्रम कोण करतो, श्रेय कोणाला मिळते आणि बिघडले की दोष कोणाच्या माथी येतो, हे तीन प्रश्न विचारायची आम्हाला सवय आहे. सॉफ्टवेअर लायब्ररीच्या इतिहासालाही तेच प्रश्न लावून पाहू.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते स्पष्ट करू. तारीख मोजणे, फाइल दाबून लहान करणे, पासवर्ड गुप्त ठेवणे अशी कामे असंख्य प्रोग्रामना लागतात. ती एकदाच नीट लिहून सर्वांना वापरायला दिलेला कोड म्हणजे लायब्ररी. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण द्यायचे तर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द मोबाइलवर वेगळे दिसतात, जोडाक्षरे जागच्या जागी बसतात. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत अक्षरांची ही जुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. नाव फारसीवरून आले आहे. त्यातला 'हर्फ' म्हणजे 'एक हरफही काढला नाही' यातला आपलाच हरफ. रोज मराठी वाचणाऱ्या किती जणांना या लायब्ररीचे नाव ठाऊक आहे?

ही कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एडसॅक या संगणकावर पहिला प्रोग्राम चालला. त्यानंतर तिथे नेहमी लागणाऱ्या गणितांचे छोटे कोड छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर करून कपाटात ठेवले जाऊ लागले. ज्याला लागेल त्याने फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर घ्यायची आणि मूळ फीत परत ठेवायची. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये या पद्धतीवर पुस्तकच लिहिले. तेव्हा लिहिणारा, फीत जपणारा आणि वापरणारा एकाच इमारतीत होते. चूक सापडली तर कोणाकडे जायचे हे सर्वांना माहीत होते.

पुढे अंतर वाढत गेले. १९५५ मध्ये अमेरिकेत आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी 'शेअर' ही संघटना काढली आणि प्रोग्राम एकमेकांना द्यायला सुरुवात केली. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे विकायचा माल बनू लागले. त्याला उत्तर म्हणून १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. कोड वाचण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य सर्वांना असावे, ही त्यामागची भूमिका होती.

मात्र तेव्हा युनिक्सच्या दहा तऱ्हा होत्या. एका यंत्रावर चालणारा कोड दुसऱ्यावर मोडत असे. म्हणून १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ हे साधन आले. समोरचे यंत्र तपासून लायब्ररी तिथे कशी बांधायची हे ठरवणारी एक स्क्रिप्ट ते आपोआप तयार करते. ही स्क्रिप्ट हजारो ओळींची असते आणि सहसा मूळ कोडच्या भांडारात ठेवली जात नाही. वाटपासाठी टारबॉल, म्हणजे फाइलींचे गाठोडे, बांधताना ती त्यात घातली जाते. म्हणजे मूळ कोडमध्ये नसलेल्या गोष्टी गाठोड्यात असणे ही रोजची रीत झाली. सोयीसाठी पडलेली ही रीत पुढे केवढ्याला पडली ते आपण पाहणारच आहोत.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक यांनी डेबियन जाहीर केले. इथे पॅकेज बांधणे हे स्वतंत्र, जबाबदारीचे काम ठरले. कोणते पॅकेज कोण सांभाळतो त्याचे नाव पॅकेजवरच असते. एका लायब्ररीला दुसरी कोणती लागते हे लिहिलेले असते आणि आज्ञा दिली की यंत्र सगळे आपोआप आणते. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. ती बांधणारे प्रामुख्याने स्वयंसेवक आहेत.

हे काम म्हणजे निव्वळ ओझे वाहणे आहे असे कोणाला वाटत असेल तर २००८ आठवावे. ओपनएसएसएल ही गुप्ततेची लायब्ररी डेबियनसाठी बांधताना दोन वर्षांपूर्वी कोडमध्ये एक लहानसा बदल झाला होता. त्यामुळे तयार होणाऱ्या चाव्या ओळखण्याइतक्या थोड्या उरल्या आणि जगभरच्या सर्व्हरांच्या चाव्या बदलाव्या लागल्या. बांधणाऱ्याचा हात लिहिणाऱ्याच्या हाताइतकाच निर्णायक असतो.

मग एवढ्या निर्णायक श्रमाला मोल किती मिळाले? २०१४ मध्ये त्याच ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' हा दोष सापडला. बँका, दुकाने, सरकारे जिच्यावर विसंबून होती त्या लायब्ररीला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता, हे तेव्हा जगाला कळले. मदतीचे हात पुढे आले तेही त्यानंतर.

२०१६ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज भांडारात अझेर कोचुलू यांच्या एका पॅकेजचे नाव किक या कंपनीला हवे होते. भांडारचालकांनी ते कंपनीला दिले. निषेध म्हणून कोचुलू यांनी आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचे पॅकेज होते. तेवढ्याने जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी थांबली. भांडारचालकांनी काही तासांतच ते परत बसवले. परवाना खुला असल्याने हे नियमात बसत होते, आणि घेणाऱ्यांची अडचणही खरी होती. पण नंतर नियम बदलला तोही एकाच बाजूने. पॅकेज देणाऱ्याने ते मनाला येईल तेव्हा काढायचे नाही, असे ठरले. फुकट घेणाऱ्या श्रीमंत कंपन्यांवर मात्र कोणतेही बंधन आले नाही.

यावर एक ठरलेले उत्तर येते: हे लोक स्वखुशीने काम करतात, कोणी सक्ती केली आहे का? सुरुवात स्वखुशीने होते, हे आम्हालाही मान्य आहे. पण सारे जग एखाद्याच्या खांद्यावर रेलले की खांदा काढून घेणे सोपे राहत नाही. तिथून पुढे 'स्वेच्छा' हा शब्द घेणाऱ्याच्या सोयीचा होतो.

फाइल दाबून लहान करणारी एक्सझेड ही लायब्ररी फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षे बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी खात्यांनी कामाच्या संथपणाबद्दल त्यांना सार्वजनिक बोल लावायला सुरुवात केली. आपली मानसिक प्रकृती दीर्घकाळ ठीक नाही आणि हे छंदाचे, बिनमोबदल्याचे काम आहे, असे त्यांना सांगावे लागले. 'जिया टॅन' नावाचे खाते त्याआधीच मदतीला आले होते. हळूहळू गाठोडी बांधण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये त्याने बांधलेल्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्याचा मजकूर चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. पण तो जागा करणारी ओळ भांडारातल्या मूळ कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त टारबॉलमध्ये होती. १९९१ पासूनच्या सवयीने तिथे कोणी पाहणार नाही, हे चोराला पक्के ठाऊक होते.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर जाणवला. त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचण्याआधीच थांबला. पण जगाची सुरक्षा एका माणसाच्या अर्ध्या सेकंदाच्या चिकाटीवर सोडायची का?

तांत्रिक उत्तर डेबियनमध्ये २०१३ पासून घडत आहे. त्याच कोडमधून कोणीही पॅकेज बांधले तरी ते अक्षरशः सारखेच निघाले पाहिजे, म्हणजे बांधणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही, कोणीही पडताळू शकतो. त्याला जोड हवी ती गाठोड्याचा माल थेट मूळ कोडमधून घेण्याची. हे आवश्यकच आहे. पण पडताळणी हेसुद्धा श्रमच आहेत. ते कोण करणार आणि कोणाच्या पैशाने?

हार्फबझचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फाहबोद यांना रेड हॅट, गुगल अशा कंपन्यांत नोकरी करत ते काम करता आले. जर्मनीने २०२२ पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. म्हणजे मार्ग आहेत. भारत सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. घेणे हे जसे धोरण असते, तसे देणेही धोरण असले पाहिजे. जी कंपनी, जे सरकारी खाते एखाद्या लायब्ररीवर चालते, त्याने ती कोण सांभाळतो याची नोंद ठेवावी आणि देखभालीच्या खर्चाचा वाटा उचलावा.

ही मागणी दयेची नाही. कॉलिन यांच्या जोडीला पगारी माणूस असता तर 'मदतीला' आलेल्या त्या अनोळखी खात्याची गरजच पडली नसती. एकट्याला राबवून उभी राहिलेली व्यवस्था त्या एकट्याइतकीच थकलेली असते, आणि ती कोसळली की तिच्यावर रेललेले सगळेच खाली येतात.