उचल आणि मोकळीक

करार दोघांचा असतो, हे सर्वमान्य तत्त्व आहे. तथापि तो संपवण्याची मुभा दोघांना सारखीच असते काय, असे विचारले म्हणजे इतिहासाचे उत्तर निराळे येते. मजुरीचा व्यवहार बिघडला असता कामकऱ्याला मोकळे होता येते की नाही, या कसोटीवर आपण येथे दोघांची तुलना करू. एक व्यावसायिक फुटबॉलपटू, दुसरा आपल्या बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर. जोडी विजोड वाटेल. परंतु दोघेही अंगबळावर जगतात आणि दोघांचेही कमाईचे दिवस थोडे असतात.

इंग्लंडात खेळाडू दीर्घकाळ क्लबाच्या दावणीला बांधलेला असे. कराराची मुदत संपली तरी क्लबाने त्याचे नाव राखून ठेवले की त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने १९६० साली न्यूकॅसल क्लबाशी नवा करार करण्यास नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत धंद्याच्या स्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन ठरवली. पुढे २०१८ साली फिफा या जागतिक संघटनेने आपल्या नियमावलीत एक कलमच घातले. दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने लेखी मागणी करून किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी. तेवढ्यात पैसे न आले तर करार संपवण्यास ते न्याय्य कारण समजावे.

हा नियम ऊसतोड मजुराला लावू गेलो तर पहिल्याच पायरीवर अडखळतो. कारण त्याची मजुरी मागाहून मिळायची नसतेच. ती आधी हातात पडलेली असते आणि खर्चही झालेली असते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या कोरडवाहू तालुक्यांत मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. १९५० नंतर लोणीच्या प्रवरा कारखान्यामागोमाग पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने उभे राहिले, तसा हा ओघ वाढत गेला. दसरा-दिवाळीनंतर नवराबायकोचा एक कोयता धरून बिऱ्हाडे निघतात. टनाच्या दराने जी कमाई होईल ती उचलीत वळती होते. काम चुकले तर खाडा पडतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. मुकादमही कारखान्याकडील पैशाने बांधलेला असतो, त्यामुळे खरा मालक कोण, हेच मजुराला नीट उमगत नाही.

उचलीची ही बेडी नवी नव्हे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५९ साली झालेल्या कायद्याने, आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कामकऱ्यास मॅजिस्ट्रेटकडे ओढता येई. त्याचा हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती. मजुरी बुडवणाऱ्या मालकाला मात्र त्या कायद्यात तुरुंग नव्हता. १९२५ साली तो रद्द करण्यात आला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो ब्रिटिश कायदा इथला नव्हता. पण उचल देऊन माणूस बांधण्याची रीत सरहद्द पाहत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी सक्तीची मजुरी बेकायदा ठरवली. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की किमान वेतनाहून कमी पैशात करवून घेतलेले काम हीही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरीच होय.

म्हणजे कायदा कमी पडला, असे म्हणण्यास फारशी जागा उरत नाही. उणीव हिशेबाची आहे. खेळाडूपाशी लेखी करार असतो, पगाराची तारीख असते, नावानिशी मालक असतो आणि दाद मागायला जागा असते. म्हणून दोन महिने मोजता येतात. मजुराजवळ बहुधा यातले काहीच नसते. किती टन तोडले आणि किती वळते झाले हे मुकादमाच्या वहीत असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरली, ती स्वागतार्हच होय. परंतु दर वाढला तरी वही ज्याच्या हाती, त्याच्याच हाती सुटकाही राहते. प्रत्येक कोयत्याला स्वतःचा लेखी हिशेब मिळावा, त्यात बाईच्या श्रमाचीही स्वतंत्र नोंद असावी, आणि तो हिशेब कारखान्यावर बंधनकारक व्हावा, एवढी मागणी आपण जिल्ह्याने लावून धरली पाहिजे. ज्याला आपली बाकी वाचता येत नाही, त्याला ती फिटल्याचे कधीच कळत नाही.