स्वस्त तास कोणाचा?

वीज तीच, मग घड्याळाप्रमाणे दर का बदलावा? थोडा इतिहास बघू. ब्रिटनमध्ये १९७८ साली ‘इकॉनॉमी सेव्हन’ योजना आली. रात्रीचे सात तास वीज स्वस्त. कारण मोठी वीजकेंद्रं रात्रीपुरती बंद ठेवणं परवडत नसे. लोक हीटरमधल्या विटा रात्री तापवत आणि दिवसा ऊब घेत.

आज आपल्याकडे उलट आहे. २०२३च्या केंद्रीय नियमांनुसार उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी, गर्दीच्या तासांत जास्त. एकाच दरात दुपारी वीज वापरणारा संध्याकाळवाल्याचा भार उचलतो. म्हणून वेळेचा दर रास्त वाटतो. पण दिवसभर कामावर असणाऱ्याचे दिवे-पंखे संध्याकाळीच लागतात ना? आपली वेळ ज्याच्या हातात आहे, सवलत त्याचीच. न्यायाचा प्रश्न तिथे सुरू होतो.