विटीदांडू उशिरा आला, पण आला

माझ्या नातवाचं ठाम मत आहे, की व्हिडिओ गेमच्या यंत्रात दर दोन-तीन वर्षांनी सुधारणा झालीच पाहिजे, नाहीतर कंपनी मागे पडते. मी जन्मभर इतिहास शिकवला. म्हटलं, आधी इतिहास काय सांगतो ते पाहू.

१९८३ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने फॅमिकॉम नावाचं यंत्र बाजारात आणलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'टीव्ही गेम' म्हणून जे मिळायचं, ती बहुतेक याचीच नक्कल. मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून तो रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत पोचला. कॅसेट चालेना की फुंकर मारायची, आणि मारिओ पुन्हा उड्या मारायला मोकळा! जपानात तोवर त्याहून भारी यंत्रं आली होती. तरी फॅमिकॉमचं उत्पादन २००३ पर्यंत, तब्बल वीस वर्षं, चालू होतं.

आता उलट उदाहरण सेगा कंपनीचं. १९८८ मध्ये तिने काढलेलं मेगा ड्राइव्ह छान खपलं. मग १९९१ मध्ये त्याला सीडीची जोड आली. नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत त्यालाच जोडायचं आणखी एक उपकरण आलं, '३२-एक्स'. त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हे अगदी नवं यंत्र! ३२-एक्स घेणाऱ्याने काय समजायचं? गिऱ्हाईक वैतागलं, खेळ बनवणारेही गोंधळले. १९९८ मध्ये ड्रीमकास्ट आलं, पण २००१ मध्ये सेगाने यंत्रं बनवणं थांबवलं. सोनीची स्पर्धा हेही त्याचं मोठं कारण, सगळा दोष घाईचा नव्हे. पण विश्वास गेला तो घाईनेच.

सोनीचं प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये आलं. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आल्यावरही सोनीने ते बंद केलं नाही, २०१३ पर्यंत ते चाललं आणि १५ कोटींहून अधिक खपलं. आता गंमत बघा. २००९ मध्ये या जुन्या यंत्रासाठी 'देसी अड्डा' नावाचा गेम निघाला. त्यात कबड्डी, पतंग आणि गिल्लीदांडा, म्हणजे आपला विटीदांडू! यंत्र तीन वर्षांत मोडीत निघालं असतं, तर त्यात विटीदांडू आला असता का?

सुधारणा नकोच, असं मी म्हणत नाही. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ नंतर तीनच वर्षांनी त्याची 'प्रो' आवृत्ती आली, पण खेळ दोन्हींवर तेच चालत. ज्याला हवं त्याने नवं घ्यावं, जुन्यावाल्याचं काही अडत नाही. ही रीत मला पटते.

कारण प्रश्न पैशाचाही आहे. प्लेस्टेशन ५ भारतात २०२१ मध्ये आलं ते ४९,९९० रुपयांना. इतके पैसे घालून आणलेली वस्तू मुलाची इयत्ता बदलण्याआधी जुनी ठरू नये, एवढंच आई-बापाचं मागणं असतं.

आणि आम्हा कोकणातल्या लोकांना उशिराची सवय आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी रत्नागिरीला पोचायला नव्वदचं दशक उजाडलं! पुढच्याने खुशाल पळावं, पण मागून येणाऱ्यासाठी वाट मात्र मोडू नये.

असो. नातवाला हे पटेलच असं नाही. तुम्हाला काय वाटतं?