दुर्गाघाटची वही

गेल्या कार्तिकात नऊ जणांच्या एका सहलीबरोबर मी काशीला गेले. पंचगंगा घाट ओलांडून दुर्गाघाटाशी आलो, तेव्हा आमचा वाटाड्या वरच्या जुन्या घरांकडे हात करून म्हणाला, "इथून तुमचा महाराष्ट्र सुरू होतो." तो तिथल्याच एका मराठी घरातला, बोलण्याला हिंदीचा हेल. ऐकून सगळे खूश झाले. मला मात्र ते वाक्य उलटे वाटले. इथे महाराष्ट्र नव्हता, म्हणून तर दुर्गाघाटची मराठी वस्ती उभी राहिली.

पेशवेकालीन पत्रांत कोणी 'हिंदुस्थानात' गेला असे येते, तेव्हा तो माणूस नर्मदेपलीकडे गेलेला असतो. अलीकडे दक्षिण, पलीकडे हिंदुस्थान. तिथली भाषा वेगळी, अंमलही वेगळा. प्रयाग, काशी आणि गया ही तीन क्षेत्रे आपल्या हाती यावीत म्हणून पेशव्यांनी खूप खटपट केली; ती साधली नाही. काशी अवधच्या नबाबाच्या अधिकारात राहिली आणि १७७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. म्हणजे त्रिस्थळी यात्रा ही आपल्या लोकांची परमुलखातली सफर होती. ती संघाने आणि माहीतगाराच्या आधाराने करायची.

या सफरीची मार्गदर्शिकाही एका दक्षिणी माणसानेच लिहिली. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतु' हा संस्कृत ग्रंथ रचला. कुठे कोणते स्नान, कुठे कोणते श्राद्ध, हे त्यात आहेच. पण राज्यकर्त्यांमुळे एखादे लिंग जागेवर राहिले नसेल, तर त्या स्थानाचीच पूजा करावी, अशी सोयही त्यात सांगितली आहे. परक्या राज्यात यात्रा कशी निभवायची याचे हे व्यवहारी उत्तर होते.

या यात्रांपैकी सर्वांत गाजलेली यात्रा थोरल्या बाजीरावाच्या आईची. राधाबाई १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून निघाल्या आणि १७३६ च्या जूनमध्ये परतल्या. वाटेत उदयपूर, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया. सवाई जयसिंगाने त्यांचा मोठा आदर केला. बाजीरावाने ज्याला बुंदेलखंडात हरवले होते, त्या महंमदखान बंगशानेही त्यांना सन्मानाने वागवून सोबत दिली. मुलगा ज्या मुलखात फौज घेऊन जात होता, तिथून म्हातारी आई सुखरूप फिरून आली. त्याच वर्षी बाजीराव स्वतः राजपुतान्यात उतरला. यात्रेने वाट आधीच मऊ करून ठेवली होती.

पेशव्याच्या आईला वाटेत राजे भेटतात. बाकीच्यांना पोहोचल्यावर उतरायला घर लागते. ते काम गोदाकाठच्या कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर यांनी केले. पेशव्यांना ते गुरुस्थानी. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात ते काशीत स्थायिक झाले आणि मराठी पैशातून ब्रह्माघाट, दुर्गाघाट दगडात बांधले गेले. आजूबाजूला दक्षिणी वस्ती वाढली. पुण्याला पत्रे इथून जात, हुंड्या इथे येत, आलेला यात्रेकरू इथे आपली भाषा बोलू शके. पुढे नाना फडणविसांनी गयेच्या वाटेवर कर्मनाशा नदीवर पूल बांधायला घेतला. तिचे पाणी लागले तर पुण्य नासते, या समजुतीने यात्रेकरू माणसांच्या पाठीवर बसून ती ओलांडत. तो पूल नानांच्या हातून पुरा झाला नाही. पुढे १८३१ च्या सुमारास राजा पटनीमलांच्या खर्चाने झाला.

१८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा रेल्वेमार्ग जबलपूरवरून जोडला गेला आणि वर्षाची यात्रा पंधरवड्यावर आली. आमच्या घरातली यात्रा या रेल्वेच्या काळातली. माझे पणजोबा वाईहून काशीला गेले, ते साल घरात १९११ सांगतात. बरोबर पणजी, एक चुलतभाऊ आणि पणजोबांची विधवा बहीण. गेली चार माणसे, आली तीन. आल्यावर मावंदे झाले, गंगापूजन झाले, गावजेवण झाले. त्या वेळचा गंगेचा एक गडू अजून आमच्या देवघरात आहे. बहीण काशीवासाला राहिली, एवढेच पुढच्यांना सांगितले गेले. घरात तिला 'काशीची आत्या' म्हणत. पणजोबा दरमहा पाच रुपयांची मनीऑर्डर करीत. एके वर्षी ती परत आली.

काशीवास हा शब्द मी लहानपणी मोठ्या आदराने ऐकला. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून सहलीतला मोकळा वेळ मी आमच्या गावच्या उपाध्यायांकडे घालवला. गाव, आडनाव, गोत्र सांगितल्यावर त्यांनी लांबट वही काढली. पाच मिनिटांत पणजोबांची मोडीतली सही समोर आली. त्यांच्या बापाचे, आजाचे नाव, भावांची नावे, मुलगे. नोंदीच्या शेवटी 'बरोबर माणसे तीन'.

"यांची बहीण इथेच राहिली होती," मी म्हटले. "तिचं नाव कुठे मिळेल?"

उपाध्याय सत्तरीचे. त्यांनी वही न मिटता सांगितले, "ताई, ती या वहीत नसणार. लग्न झालेल्या बाईची नोंद सासरच्या गावाच्या वहीत. तिचं सासरचं गाव कोणतं? सांगा, ते ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे मी घेऊन जातो."

मी वाईला भावाला फोन लावला. त्याने काकांना विचारले, काकांनी थोरल्या आत्यांना. अर्ध्या तासाने उत्तर आले: कोणालाच ठाऊक नाही.

राधाबाईंच्या यात्रेचे मुक्काम आज पुस्तकातून सांगता येतात, कारण त्या परत आल्या आणि त्यांच्या वाटेवर पत्रे लिहिणारी माणसे होती. दुर्गाघाटच्या घरांनी आपल्या लोकांना परमुलखात आसरा दिला, हे खरेच. पण याच आसऱ्यामुळे घरातले माणूस इथे ठेवून परतणेही सोपे झाले. इथे आपली माणसे आहेत, आपली भाषा आहे, चिंता नाही, असे पणजोबा पणजीला म्हणाले असतील.

उपाध्यायांनी रिवाजाप्रमाणे माझीही नोंद घेतली. मी अविवाहित, त्यामुळे ती आमच्याच वहीत बसली. मी माझे नाव लिहिले, आईचे लिहिले, दोघी आज्यांची त्यांच्या माहेरच्या गावांसकट लिहिली. त्यांनी हरकत घेतली नाही. फक्त ओळ थोडी सरळ धरायला सांगितली.