हवाई छत्रीचे धातुभाग
हवाई छत्रीचे कापड, दोऱ्या व छत्रीधारकाच्या अंगावरील पट्टे एकमेकांस जोडणारे आकडे, कड्या, बकले आणि दुवे यांचा समावेश छत्रीच्या धातुभागांत होतो. त्यांचे वजन थोडे असले, तरी छत्री उघडताना बसणारा झटका त्यांच्यामार्फतच पट्ट्यांवर येतो. त्यामुळे एक कडी तुटली, तरी उडी प्राणघातक ठरू शकते.

आंद्रे झाक गार्नरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून छत्रीच्या साहाय्याने अवतरण केले, तेव्हा तो छत्रीखाली टांगलेल्या टोपलीत होता. लेस्ली अर्व्हिन याने २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत, अंगावर बांधलेली व हाताने उघडावयाची छत्री यशस्वी रीत्या वापरली. अशा छत्रीत शरीराचा भार पट्टे व बकले यांवर येऊ लागला. सैनिकी उडीत विमानातील तारेला आकड्याने अडकविलेला पट्टा छत्री आपोआप उघडतो.

भारतात ५० वी छत्रीधारी ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्ली येथे उभारण्यात आली. त्याच वर्षी कानपूर येथे छत्र्यांचा सरकारी कारखाना निघाला. सातारा व सांगली हे जिल्हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची जुनी क्षेत्रे होत. या रेजिमेंटची तिसरी बटालियन दुसऱ्या महायुद्धानंतर छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी ती टांगाइलजवळ उतरली. पुंगली पूल ताब्यात घेऊन तिने मैमनसिंगहून ढाक्याकडे परतणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडविली.

देशी नांगराचा बोथट फाळ गावचा लोहार तापवून व ठोकून पुन्हा कामास लावतो. सातारा-सांगलीकडील शेतकरी कुटुंबांतून आलेल्या सैनिकांस ही रीत परिचित असली, तरी छत्रीच्या कडीस ती लागू पडत नाही. कडी घडीव मिश्रपोलादाची असून तिचे बल उष्णता संस्करणाने आलेले असते. तापविल्यास ते घटते. वाकलेली कडी सरळ केल्यास बारीक तडे पडू शकतात. गंज टाळण्यासाठी अशा भागांवर कॅडमियमचा मुलामा देत. तो विद्युत् विलेपनाने देताना पोलादात शिरलेला हायड्रोजन भट्टीत तापवून काढला नाही, तर पोलाद ठिसूळ होते व पुढे भाराखाली अचानक तुटते. म्हणून कार्यशाळेत केवळ वरवरचा गंज किंवा पट्ट्यास कापणारी बारीक कंगोरी घासून काढतात. वाकलेला, तडा गेलेला अगर खोल गंजलेला भाग बाद करतात.

स्क्रूचे दुवे सहज बदलता येतात. पट्ट्यात शिवलेली कडी बदलण्यासाठी मात्र शिवण उसवून ती मूळ आराखड्यानुसार, त्याच जाडीच्या दोऱ्याने पुन्हा घालावी लागते. पिशवीच्या छिद्रांतील सैल कडी काढून नवी ठोकून बसवितात. आकड्यांच्या कमानी व सुरक्षा खिळी यांची हालचाल तपासतात. प्रत्येक बदलाची नोंद छत्रीच्या नोंदपत्रात केली जाते आणि दुसऱ्या तज्ञाच्या तपासणीनंतरच ती छत्री उडीसाठी दिली जाते.