तेंदूपत्त्याचे गोदाम ते हृदयाची धमनी

१९८६ साली गडचिरोली गावात तेंदूपत्त्याच्या एका गोदामात आरोग्य-संशोधनाचे केंद्र सुरू झाले. विडीचे पान साठवण्याची जागा आणि वैद्यकीय संशोधन यांचा मेळ कसा बसायचा, हे कोडे तिथे येणाऱ्या अनेकांना पडत असे. केंद्र सुरू करणारे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघेही एम.डी. अभय बंग यांचा विषय औषधवैद्यक, राणी बंग यांचा स्त्रीरोग. दोघांनी १९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवीही घेतली होती. त्यांच्या संस्थेचे नाव 'सर्च'. चार वर्षांपूर्वीच, ऑगस्ट १९८२ मध्ये, चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला होता.

आजकाल 'समग्र' किंवा 'एकात्मिक' वैद्यक म्हटले की ॲलोपथीच्या गोळीबरोबर एखादा काढा आणि चार आसने, असे चित्र डोळ्यांसमोर येते. या दोन जंगली जिल्ह्यांत डॉक्टर ज्या वाटांनी समग्र विचाराकडे आले त्या फार वेगळ्या आहेत. बहुतेक वेळा पहिले पाऊल होते ते आपली चूक कळण्याचे.

बंग दांपत्याचेच पाहा. गडचिरोलीत आल्यावर त्यांनी सुरुवातीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा अभ्यास हाती घेतला. आजार जिल्ह्यात होता, हे सिद्धही झाले. पण लोकांना त्यात रस वाटेना. हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नव्हता. तो डॉक्टरांना पडलेला होता. लोकांवर संशोधन करणे आणि लोकांबरोबर संशोधन करणे यांतला फरक आपल्याला इथे कळला, असे अभय बंग पुढे सांगत आले आहेत.

मग लोकांचा प्रश्न कोणता? तो बायकांकडून आला. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. खेड्यातल्या बायका त्यांच्याजवळ जे बोलत, ते पुरुष डॉक्टरपुढे कधीच बोलल्या नसत्या. पांढरे जाणे, पाळीचा त्रास, ओटीपोटात दुखणे अशा त्या तक्रारी. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले, सरासरी एकीला ३.६. आणि यापूर्वी तपासणी किंवा उपचार मिळालेल्या किती? अवघ्या ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. तोवर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच सरकारी कार्यक्रमांना दिसत होते. बाईला गर्भाशयापलीकडे आयुष्य आहे, हे आकड्यांनी सांगावे लागले!

पुढचा प्रश्न बालमृत्यूंचा होता. त्यांतला मोठा वाटा न्यूमोनियाचा. न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप, क्ष-किरण आणि डॉक्टर लागतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात खोकला असलेल्या मुलाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो, एवढे मोजले तरी बराच अंदाज येतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास ६० किंवा जास्त आणि त्यापुढे वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा जास्त असेल, तर धोका समजावा. गावातल्या दाया पिढ्यान्‌पिढ्या बाळे हाताळत होत्या, पण त्यांतल्या कितीतरी जणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते. यावर बंग यांनी एक साधे यंत्र तयार केले. एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. (वर्गात हे यंत्र मुलांकडून सहज करवून घेता येईल. गणित न येणाऱ्याला गणित कसे करू द्यायचे, हा मोठा गमतीचा धडा आहे.)

प्रयोग ५८ गावांत झाला आणि तुलनेसाठी ४४ गावे ठेवली. दाया, गावातले कार्यकर्ते आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनी जंतुनाशक औषध दिले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाले. हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये १९९० साली आला.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. दाईचे सगळेच ज्ञान या डॉक्टरांनी डोळे झाकून स्वीकारले नाही, आणि सगळे टाकूनही दिले नाही. तिचा अनुभव, तिची नजर आणि तिच्यावर असलेला गावाचा विश्वास घेतला. मोजणी आणि औषध विज्ञानाकडून आणले. परंपरेत टाकण्याजोगेही बरेच असते. विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला, मेळघाटात, बाळाचे पोट उडू लागले की तापलेल्या लोखंडाने डागण्या दिल्याच्या बातम्या एकविसाव्या शतकातही आल्या आहेत. समग्रतेच्या नावाखाली तेही गोळा करायचे ठरवले तर कठीणच आहे.

याच मार्गाने पुढे नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रिया 'आरोग्यदूत' झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या करू लागल्या. खेड्यातली बाई नवजात अर्भकाला सुई टोचणार, ही कल्पना पुष्कळ तज्ज्ञांच्या पचनी पडली नाही. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मधील आकडे मात्र बोलके होते. प्रयोगाच्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के भरली. २०११ साली नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याचे हे काम देशभरातील 'आशा' कार्यकर्तींकडे आले.

दवाखान्याची गोष्टही अशीच. आदिवासी रुग्ण मोठ्या दवाखान्यात का येत नाहीत, असे विचारले तेव्हा एक कारण असे पुढे आले, की तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढऱ्या कापडात तर आम्ही प्रेत गुंडाळतो. वैद्यकीय महाविद्यालयात पांढरा कोट म्हणजे स्वच्छता! धानोरा रस्त्यावर चातगावजवळ 'शोधग्राम' उभे राहिले, तेव्हा दवाखाना आदिवासी वस्तीसारखा, झोपड्यांचा केला आणि त्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे.

ही वाट बंग यांनीच प्रथम शोधली असे नाही. बाबा आमटे यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचे पुढील शिक्षण सोडून डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळच्या हेमलकशात आले, बरोबर डॉ. मंदाकिनी आमटे होत्या. पहिली वर्षे दवाखाना झाडाखाली होता. माडिया भाषा शिकावी लागली. ज्या शाखेचा तज्ज्ञ जवळपास नाही, त्या शाखेचे काम स्वतः शिकून करावे लागले. हाडे, डोळे, बाळंतपण, अस्वलाने फाडलेला माणूस, सगळे एकाच हाताखाली. तिथे 'समग्र' होण्यावाचून दुसरा इलाजच नव्हता. आणि १९७६ साली त्यांनी काढली ती शाळा, कारण अडाणीपणामुळे होणाऱ्या नागवणुकीवर गोळी नसते.

जुन्या वनौषधीज्ञानाशी सरळ संबंध जोडला तो कुरखेड्याच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेने. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी ती १९८४ साली सुरू केली. डॉक्टर आधुनिक वैद्यकाचे, पण गावोगावच्या वैदूंना त्यांनी शत्रू मानले नाही. त्यांना एकत्र आणले, वनस्पतींची माहिती घेतली. माझ्या मते ही जोखमीची वाट आहे. प्रत्येक मुळीची कसोटी लावायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तोवर रुग्ण थांबत नाही. पण वैदू नाहीसा झाला की झाडाची ओळखही नाहीशी होते, हेही तितकेच खरे.

आता बंग यांच्याकडे परत येऊ. दारू हा आरोग्याचा प्रश्न मानून त्यांनी लोकांबरोबर चळवळ केली आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. (शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली.) इतका व्यापक विचार करणाऱ्या माणसाने स्वतःच्या शरीराकडे मात्र पाहिले नव्हते. १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, अभय बंग यांना हृदयविकार झाला. समाजाचा आहार मोजणाऱ्या डॉक्टरला आपल्या ताटात किती तेल आहे याचा पत्ता नव्हता. त्यांनी तेल-तूप कमी केले, चालणे, योगासने आणि ध्यान सुरू केले. २००० साली 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक आले आणि ते घरोघर वाचले गेले.

या बदलामागे एक प्रयोग होता. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांनी ४८ हृदयरुग्ण घेतले. एका गटाला अत्यल्प स्निग्ध शाकाहार, धूम्रपानबंदी, तणाव कमी करण्याचे शिक्षण आणि मध्यम व्यायाम दिला. दुसऱ्याला नेहमीचे उपचार. वर्षानंतर पहिल्या गटात धमन्यांतील अडथळ्याची सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर उतरली, दुसऱ्यात ४२.७ वरून ४६.१ वर चढली. फरक लहान दिसतो, पण धमनी उलट दिशेने मोकळी होऊ शकते हे दिसले, तेही कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध न देता. हाही निबंध १९९० च्याच 'लॅन्सेट'मधला.

विद्यार्थ्यांना इथे एक प्रश्न जरूर विचारावा. आहार, व्यायाम, ध्यान हे सारे एकदम दिले, तर गुण नेमका कशाचा? या प्रयोगातून ते सांगता येत नाही. रुग्णही थोडे होते, आणि इतके कडक पथ्य किती जण पाळतील हाही मुद्दा आहे. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९८ साली आले, तेव्हा मूळच्या ४८ पैकी ३५ रुग्णच शेवटपर्यंत प्रयोगात टिकले होते. त्यांच्यातही पथ्य पाळणाऱ्या गटाचे अडथळे आणखी थोडे कमी झाले होते, आणि दुसऱ्या गटाचे वाढतच गेले होते.